भिंगमावशी आणि एक ‘जा’

माझ्या मावशीसमोर उभं राहायला धीर लागतो. ती रागीट आहे म्हणून नव्हे. आमच्या घराण्यातला राग सगळा माझ्याच नाकावर येऊन बसलाय, तिच्या वाट्याला फारसा उरलेला नाही. धीर लागतो तो तिच्या नजरेमुळे. तुम्ही दारात उभे राहता, हसून “कशी आहेस?” म्हणता, आणि तिची नजर तुमच्या कपाळावरून निघते, नाकाच्या कडेने खाली उतरते आणि हनुवटीपाशी थबकते. “इथे काय झालं गं?” आरशाला चार दिवस न दिसलेली पुटकुळी तिला एका श्वासात दिसते. म्हणून आम्ही सगळे तिला भिंगमावशी म्हणतो. तिलाही ते ठाऊक आहे. “भिंग खोटं बोलत नाही,” एवढंच म्हणते आणि चहाला आधण ठेवते.

दोष तिचा नाही, तिच्या कामाचा. मावशी एका फोटो स्टुडिओत रिटचिंग करायची. हल्ली फोनवर बोट फिरवलं की चेहरा सोललेल्या अंड्यासारखा गुळगुळीत होतो. तेव्हा हे काम माणूस करायचा, पेन्सिलीने, आणि तेही निगेटिव्हवर. खिडकीशी एक उतरतं मेज, मेजाच्या मधोमध दुधी काच, काचेखाली आरसा. आरशातला उजेड काचेवर ठेवलेल्या निगेटिव्हमधून आरपार वर यायचा आणि मावशी डोळ्याला भिंग लावून त्या उलट्या माणसाकडे बघत बसायची. उलटा म्हणजे केस पांढरे, दात काळे, आणि गालावरचा काळा डाग म्हणजे निगेटिव्हमध्ये नुसता एक पारदर्शक ठिपका. पेन्सिलीच्या टोकाने, डोळ्यांना दिसणार नाहीत अशा रेघा मारत, तो ठिपका आजूबाजूच्या गालाइतका गडद करत आणायचा. मग फोटो छापला की डाग गायब.

लहानपणी मी तिच्याजवळ स्टुलावर बसून ते बघायचे. एकदा मी विचारलं, “एवढ्या मोठ्या चेहऱ्यात तुला एवढासा ठिपका सापडतो कसा?”

“शोधते कोण?” ती भिंगातून डोळा न काढता म्हणाली. “बाकीचा सगळा चेहरा अंधार करून बसलेला असतो. उजेड त्या एका भोकातूनच येतो. डोळा तिथेच जाणार.”

पंधराव्या वर्षी माझा स्वतःचा फोटो तिच्या मेजावर गेला. माझ्या तोंडावर तेव्हा पुटकुळ्यांची जत्रा भरली होती आणि भुवईवर कांजिण्यांचा एक खड्डा होता, तो अजून आहे. फोटो हातात आला तेव्हा पुटकुळ्या सगळ्या गेलेल्या, खड्डा मात्र जिथल्या तिथे. मी पाय आपटले. मावशी शांतपणे म्हणाली, “पुटकुळ्या पाहुण्या आहेत, आज आहेत, उद्या नाहीत. त्यांना मी वाटेला लावलं. हा खड्डा घरचा आहे. घरच्यांना काढलं तर फोटोतली मुलगी तू राहशील का?” मग माझं तोंड बघून तिने आवाज खाली आणला. “थोडा भरलाय मी तोही. घरचे ठेवायचे, पण फार पुढे पुढे करू द्यायचे नाहीत.”

मला तेव्हा ते पटलं नाही. मला खड्डा घालवून हवा होता.

आता काकांविषयी. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, वीज कंपनीत मीटर वाचायचे. खांद्याला चामड्याची पिशवी, पिशवीत एक छोटी बॅटरी, आणि दिवसभर या जिन्यावरून त्या जिन्यावर. अंधाऱ्या कोपऱ्यातला मीटर शोधायचा, आकडा घ्यायचा, आणि निघताना दारातल्या बाईला म्हणायचं, “येतो.” आपल्या भाषेत निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, हे खरं, पण मीटर वाचणाऱ्यानेही ‘येतो’ म्हणावं हे पुष्कळांना सोसायचं नाही. “नका हो येऊ,” बायका म्हणायच्या, “तुम्ही आलात की मागून बिल येतं!” काका हसायचे आणि पुढच्या महिन्यात न चुकता यायचे.

घरातून निघतानाही त्यांचं तेच. मावशी स्वयंपाकघरातूनच विचारायची, “किल्ली घेतली का?” काका उजव्या खिशावर हात आपटायचे. किल्ली वाजायची. “येतो.” दार बंद. इतकंच. लग्नापासून निवृत्तीपर्यंत आणि निवृत्तीनंतर फेरफटक्याला निघतानाही इतकंच. असं किती हजार वेळा झालं असेल याचा हिशेब मी करणार नाही, शाळेत गणित शिकवत असले तरी. या बोलण्याकडे त्या दोघांचं लक्ष होतं असंही नाही. आपण जिना उतरताना पायऱ्यांकडे कुठे लक्ष देतो?

गेल्या वर्षी काका पडले. सकाळी घरातून निघाले आणि थोड्या वेळाने शाळेमागच्या वह्या-पेन्सिलींच्या दुकानासमोर कोसळले. दुकानदाराने ओळखलं, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मेंदूला झटका आला होता. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही गेली. काकांचा रोजचा फेरा बागेच्या बाजूला, आणि हे दुकान अगदी उलट्या दिशेला. तिकडे ते कशाला गेले होते, असं दवाखान्यात दोघातिघांनी विचारलंही. पण सलाईन, तपासण्या, सह्या या गडबडीत तो प्रश्न मागे पडला तो पडलाच.

जीव वाचला. काका घरी आले. खिडकीशी त्यांची खाट लागली, चाकांची खुर्ची आली, आणि मावशी डोळ्यांत तेल घालून त्यांचं करू लागली. अंग पुसणं, कूस बदलणं, चमच्याने भरवणं, सगळं घड्याळासारखं. आम्ही सगळे तिचं कौतुक करत होतो. मला मात्र काहीतरी खटकत होतं, आणि काय खटकतंय ते कळायला मला बरेच दिवस लागले. मावशी काकांशी बोलत नव्हती. “तोंड उघडा,” “वळा,” “झालं,” एवढंच. आणि बसायची नेहमी त्यांच्या उजव्या बाजूला. झटक्यानंतर काकांचं त्या बाजूला लक्षच जात नसे. ज्या बाजूला ते कधी बघणार नाहीत तिथे खुर्ची टाकून ती बसून राहायची.

डॉक्टरांनी बोलायला शिकवणाऱ्या एका बाईंना घरी पाठवलं होतं. तरुण, हसऱ्या, कानाखाली तीळ असलेल्या. (तीळ मावशीने पहिल्याच दिवशी पाहिला.) एक दिवस शाळेच्या मधल्या सुट्टीत मला त्यांचा फोन आला. “तुमच्या मावशी मला दारातूनच परत पाठवतात. आज त्यांना ताप आहे, आज झोपलेत, आज नको. हे सुरुवातीचे महिने वाया गेले तर पुढे फार जड जाईल. तुम्ही एकदा बोलता का?”

मी बोलायला नाही, भांडायला गेले. जाऊन बघते तर काका ठणठणीत. म्हणजे आता जितके ठणठणीत असू शकतात तितके. पायांवर ऊन घेऊन खिडकीबाहेर बघत होते. मला पाहून त्यांचा अर्धा चेहरा हसला. मी तडक स्वयंपाकघरात गेले.

“ताप कुणाला आहे?” मी विचारलं.

मावशी भांडी पुसत होती. तिने पुसलेलंच भांडं पुन्हा पुसायला घेतलं.

“मावशी, अगं ती बाई त्यांना बोलतं करायला येतेय. तू तिला हाकलतेस? तुला ते बोलायला नकोत का?”

“हळू बोल. त्यांना ऐकू जातं.”

“जाऊ दे ऐकू!”

“नको,” ती म्हणाली, आणि भांडं खाली ठेवून ओट्याला टेकली. “मला भीती वाटते गं.”

“कशाची?”

“ते पहिलं काय बोलतील त्याची.”

मग तिने त्या सकाळची गोष्ट सांगितली. कुणालाच सांगितली नव्हती, माझ्या आईलाही नाही. आणि आईला न सांगितलेली गोष्ट मावशीच्या पोटात राहिली, यावरूनच ती किती जड होती ते कळावं.

स्टुडिओ बंद झाला तेव्हा मालकांनी मावशीला तिची पेन्सिल दिली होती. साधी पेन्सिल नव्हे. कडक शिशाची, आणि शिसं बोटाच्या पेराएवढं बाहेर काढून पॉलिश कागदावर घासत घासत सुईसारखं केलेलं. असं टोक काढायला हात लागतो आणि निवांत वेळ लागतो. मावशीच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू उतरतोय, ती काही काम करत नाही. पण ते टोक तिने एका डबीत जपलं होतं. अधूनमधून डबी उघडायची, कागदावर दोनदा फिरवून पुन्हा ठेवायची. त्या सकाळी काका वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होते. पेन सापडेना. त्यांनी डबी उघडली. टोक भलतंच लांब आणि बारीक दिसलं, लिहिताना मोडेल असं वाटलं, म्हणून शेजारच्या पोरांचं विसरलेलं शार्पनर घेतलं आणि पेन्सिल त्यात घालून फिरवली.

“कर्र असा आवाज आला,” मावशी म्हणाली. “मी आत होते. मला आवाजावरून कळलं.”

“मग?”

“मग काय. उचलली जीभ, लावली टाळ्याला. म्हटलं, तुम्हाला आयुष्यभर मीटरच्या आकड्यांपलीकडे काही दिसलं नाही. म्हटलं, जा. जा एकदाचे माझ्या डोळ्यांसमोरून.” ती थांबली. “ते उठले. पिशवी घेतली. मी किल्लीचं विचारलं नाही. आणि दारातून ते म्हणाले, ‘जातो.’”

नळ ठिबकत होता. मी जाऊन तो बंद केला.

“कधी म्हणाले नव्हते गं. कधीच नाही. इतके मनाला लागले माझे शब्द की पायही उलट्या दिशेला गेले. नाहीतर शाळेमागे काय काम होतं त्यांचं? डोकं फिरल्यासारखे चालत सुटले असतील. आणि तसेच पडले. आता त्यांच्या डोक्यात शेवटचं म्हणून काय राहिलं असेल? माझा ‘जा’. बाई येईल, काहीतरी युक्ती करेल, आणि ते तोंड उघडून म्हणतील ‘जातो’. मग मी काय करू?”

“असं काही होत नाही,” मी म्हणाले. पण होत नाही हे मला तरी कुठे ठाऊक होतं?

“माझंच बघ ना,” ती म्हणाली. “इतकी वर्षं त्यांचा आवाज ऐकला. मला टायफॉइड झाला तेव्हा उशाशी बसून त्यांनी मला अख्खी कादंबरी वाचून दाखवली होती, हे मला माहीत आहे. पण ऐकू येत नाही. डोळे मिटले की तो एकच ‘जातो’ ऐकू येतो. बाकीचे ते सगळे ‘येतो’ कुठे गेले गं?”

मी रागावून आले होते, आणि माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना. मी तिला जवळ घेतलं. ती खूप हलकी झाली होती.

घरी जाताना मला आईची आठवण झाली. आमच्या शेजारच्या बाईंनी आम्हाला किती वर्षं मदत केली. मी शाळेतून आले की त्यांच्याच घरी खायचे. एकदा त्यांनी आमची बादली नेली आणि तळाला चीर पाडून परत दिली. आई आजही त्यांना ‘बादली’ म्हणते. “बादलीच्या मुलाला नोकरी लागली.” खाल्लेलं सगळं विसरलं, चीर राहिली. मी आईला हसायचे. त्या दिवशी हसू आलं नाही, कारण मलाही माझ्या मुख्याध्यापिकेचं फक्त ते एकच वाक्य आठवत होतं, आणि ते मी इथे सांगणारही नाही.

दुसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंना मी जिन्यातच गाठलं आणि सगळं सांगितलं. विचारलं, “वाईटच तेवढं का राहतं हो?”

त्या जिन्याच्या कठड्याला टेकल्या. “चटका लक्षात ठेवावाच लागतो. नाहीतर हात पुन्हा तिथेच जाईल. चांगल्यापासून जिवाला धोका नसतो, म्हणून डोकं त्यासाठी जागत बसत नाही.” मग थोडा विचार करून म्हणाल्या, “पण रोजचं चांगलं हरवत नाही. ते आठवणीत राहत नाही, सवयीत जातं. माझ्याकडे अशी माणसं येतात की ज्यांना बायकोचं नाव सांगता येत नाही, पण आकडे एकापासून दहापर्यंत घडाघडा म्हणतात. जे हजारदा म्हटलं ते जिभेला पाठ असतं. काका रोज, विचार न करता, काय म्हणायचे?”

मी त्यांना किल्लीचं आणि ‘येतो’चं सांगितलं. त्या वर चढायला लागल्या आणि म्हणाल्या, “चला.”

मावशी ऐकेना. दोघींनी मिळून तिला बरंच समजावलं. मी थोडं दरडावलंही, तो माझा स्वभाव आहे. शेवटी काकांना चाकांच्या खुर्चीत बसवून आम्ही दाराशी आणलं. ती चामड्याची पिशवी त्यांच्या डाव्या खांद्याला अडकवली. पिशवी खांद्यावर येताच काका ताठ बसले. पाठ आधी ओळखते, माणूस मागून.

“आता तुम्ही नेहमी जिथे असायच्या तिथे उभ्या राहा,” बाई मावशीला म्हणाल्या, “आणि नेहमीसारखं विचारा.”

मावशी स्वयंपाकघराच्या चौकटीत उभी राहिली. तोंड उघडलं, मिटलं. पदराने हात पुसले, कोरडेच होते. ती काकांकडे बघत नव्हती, दाराच्या कडीकडे बघत होती. मला वाटलं, आता ही आत निघून जाणार.

“किल्ली घेतली का?” ती म्हणाली. इतकं कोरडं की कुणाला वाटावं रागावलीच आहे.

काकांचा डावा हात उचलला गेला. पोटावरून आडवा जाऊन उजव्या खिशावर पडला. खिसा रिकामा. त्यांनी पुन्हा चाचपलं. त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर अशी काळजी पसरली की झटक्याच्या दिवसापासून मी तशी पाहिली नव्हती. त्यांनी मान वळवली, उजव्या बाजूला, जिकडे ते कधी बघत नसत, आणि मावशीकडे पाहिलं.

“अगंबाई, किल्ली!” मावशी म्हणाली. खिळ्यावरची किल्ली काढून ती पळतच आली आणि गुडघ्यावर बसून तिने ती त्यांच्या खिशात सरकवली. काकांनी खिशावर हात आपटला. किल्ली वाजली.

“ये…” काका म्हणाले. ओठ थरथरले. “येतो.”

मावशी तिथेच जमिनीवर बसली. डोकं त्यांच्या गुडघ्यावर टेकून ती रडली, आवाज करून, लहान मुलीसारखी. काकांना काय झालं ते कळलं नसावं. ते दाराकडे बघत होते, कारण ‘येतो’ म्हटल्यावर दार उघडलं पाहिजे. मग आम्ही खरंच दार उघडलं आणि त्यांना जिन्यापर्यंत फिरवून आणलं.

पुढचे कित्येक दिवस त्या घरात एकच शब्द होता. तहान लागली, येतो. उशी वर कर, येतो. होय म्हणजे येतो आणि नको म्हणजेही येतो, फक्त सूर वेगळा. मावशी सगळे सूर ओळखायला शिकली. “आता हा येतो म्हणजे खिडकी लावा,” ती मला समजावून सांगायची. एकदा औषध कडू लागलं तेव्हा काका असं काही ‘येतो’ म्हणाले की ती शिवीच होती. आम्ही तिघं खूप हसलो. हळूहळू दुसरे शब्दही यायला लागले, पाणी, ऊन, बास. तरी मावशीची खुर्ची अजून उजवीकडेच होती. एक भीती गेली होती, मुळातली होतीच. ‘येतो’ हे सवयीने आलं, तिने मला एकदा हळूच सांगितलं, पण मनात काय आहे ते आलेलं नाही.

ते आलं चित्रांच्या पत्त्यांतून. बाई एकेक पत्ता दाखवायच्या, काकांनी नाव सांगायचं. कप आला, किल्ली आली. काका जमेल तसं सांगत होते. मी त्या दिवशी सुट्टी म्हणून तिथे होते, शेंगा सोलत. पुढच्या पत्त्यावर पिवळी पेन्सिल होती.

काका गप्प झाले. बाईंनी पत्ता थोडा जवळ धरला. काकांचा श्वास जोरात चालायला लागला, डोळ्यांत पाणी आलं. मावशी उठलीच. “बास करा आज,” ती बाईंना म्हणाली. “मी म्हटलं नव्हतं? त्यांना सगळं आठवतंय.”

काकांनी डाव्या हाताने तिचा पदर धरला.

“तुझी,” ते म्हणाले. मग बराच वेळ गेला. “मोडली. मी.”

“राहू दे हो,” मावशी म्हणाली. “ते राहू दे.”

त्यांनी मान हलवली, नाही, नाही, आणि पदर ओढला. अजून काहीतरी होतं आणि ते येत नव्हतं. कपाळावरची शीर ताठ झाली. “दु… दुकान.”

बाईंनी हातातला पत्ता खाली ठेवला.

“नवी,” काका म्हणाले, आणि थकून डोळे मिटले.

मला कळायला थोडा वेळ लागला, मावशीला लागला नाही. तिने ठिपका शोधला नाही, तो तिला दिसला. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, “शाळेमागच्या दुकानात तुम्ही पेन्सिल आणायला गेला होतात?”

“येतो,” काका म्हणाले. होयवाला सूर होता.

ती उभीच राहिली. इतके महिने तिने एका शब्दाभोवती सगळी सकाळ रचली होती: माणूस दुखावून निघाला, दिशा चुकला, पडला. आणि तो तर दिशा धरून निघाला होता, तिच्याच पेन्सिलीसाठी. तसली पेन्सिल त्या पोराटोरांच्या दुकानात मिळणार नव्हती हे त्यांना काय माहीत? मग ‘जातो’ का म्हणाले? मला विचाराल तर, ‘जा’ म्हटल्यावर माणूस ‘जातो’च म्हणतो. त्यात व्याकरणापलीकडे काही नसतं. पण तेवढ्यावर मावशीने रात्री काढल्या, आणि इकडे खाटेवर काका, तोंड उघडता येत नसताना, ती मोडलेली पेन्सिल घेऊन पडून होते. तिचा ‘जा’ त्यांच्याकडे नव्हताच. जो तो आपापलाच काटा घेऊन बसला होता.

मावशी रडेल असं मला वाटलं. ती कपाटाकडे गेली आणि डबी घेऊन आली, सोबत पॉलिश कागदाचा तुकडा. मग उजवीकडची खुर्ची उचलून खाटेला वळसा घालून ती डावीकडे आली, काकांच्या समोर बसली, आणि मोडकी पेन्सिल कागदावर घासायला लागली. तिला नीट दिसत नव्हतं. बोटांनी चाचपून घासत होती. काका तिच्या हातांकडे बघत होते.

बाई पत्ते आवरून हळूच निघून गेल्या. मी शेंगांची टरफलं भरली. माझ्याने राहवेना. मी विचारलं, “मावशी, मग तो ‘जा’? तो पाहुणा की घरचा?”

तिने हात थांबवला. विचार करून उत्तर दिलं, जसं ती नेहमी निगेटिव्ह बघून द्यायची.

“घरचा,” ती म्हणाली. “मीच बोलले ना, माझाच आहे. तो जायचा नाही. पण त्याला आता फार पुढे पुढे करू द्यायचं नाही.” आणि पुन्हा घासायला लागली. “तो टायफॉइड आठवतो का हो तुम्हाला? ती कादंबरी? शेवट वाचताना तुमचाच घसा दाटला होता, आणि मला म्हणालात, चष्म्यावर धूळ आहे.”

मला माहीत नाही ते तिला तेव्हाच आठवलं की आधीपासून आठवत होतं. मी चपला घातल्या आणि दारातून म्हणाले, “येते गं मावशी.”

“येतो,” आतून काका म्हणाले.

“तुम्ही कुठे निघालात?” मावशी म्हणाली. “बसा इथेच.”